निवृत्ती गुरवाचं कंपोस्ट

माघ अमावस्या, शके १८५८

शिवरात्र पार पडली. अंगात त्राण नाही, पण आजपासून लिहायला घेतो, कारण शेतकी खात्याच्या भगवानरावांना शब्द देऊन बसलो आहे. ते यात्रेत चित्रांचे तक्ते घेऊन आले होते. देवळामागचा बेलाचा ढीग पाहून म्हणाले, "गुरव, इतका पाला तुमच्या हाताशी आणि बाजूची जमीन अशी भुंडी? कंपोस्ट करा. काय टाकलं, कधी टाकलं, लिहून ठेवत चला." रोज काही माझ्याच्यानं व्हायचं नाही, जमेल तसं लिहीन. शाळेत मास्तर सांगत, बोलताना तोंड आपलं, लिहिताना भाषा पुस्तकाची. बघू किती टिकते.

दरवर्षी शिवरात्रीचा बेल मी नाल्यात सोडतो. यंदा नाला आताच आटला. ढीग तसाच राहिला, शेळ्यांनी विस्कटला, आणि आज सकाळी नेमका महादेवराव पाटलांचा पाय त्यात पडला. झालं! "निवरत्या, देवाचं निर्माल्य पायाखाली येऊन राह्यलं, तुले काही लाज?" पाय त्यांचा आणि लाज मला! पण मीही संधी सोडली नाही. म्हणालो, पाटील, देवळाच्या उगवतीची ती पांढरी पट्टी मला द्या. तिथल्या खोलग्यात हे सगळं मुरवतो आणि त्यावर फुलं काढून दाखवतो.

पाटील हसले. त्या पट्टीत कुसळसुद्धा नीट उगवत नाही. "दसऱ्यापर्यंत दाखव," म्हणाले. "नाही तं तठी गाडीतळ करतो. यात्रेत गाड्या उभ्या कराले जागा नाही."

गुरवाच्या घरात देवासाठी हार चिखलीहून विकत आणायचा, तोही सुकलेला. माझ्या बापानं पाहिलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. मी हो म्हणून आलो.


फाल्गुन शुद्ध २

खोलगा साफ केला, कडेनं बोरीची काटी लावली, म्हणजे देवाचं कोणाच्या पायदळी यायला नको. खाली बेल, त्यावर पिंपळ, त्यावर शेणकाला. तानुबाई, म्हणजे आमची मंडळी, कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"देवावरून उतरलेलं खाऊन जे फूल येईन, ते उष्टं नाही का होत?"

"मंग पानी बी उष्टंच. ते बी कोनं तरी पिऊनच आलेलं राह्यते."

"तुमच्या तोंडी लागाव तं आपलीच वाट लागते," म्हणाली आणि शेणाची पाटी आणून दिली. मनातून तिला पटलं आहे.


फाल्गुन शुद्ध ५

आज मी पारावर जाहीर करून टाकलं.

आमच्या गुरवांच्या घरात झाडाच्या पानाला पान म्हणायची रीत नाही. पान म्हणजे विड्याचं. झाडाचं ते पत्र. बेलाचं पत्र, तुळशीचं पत्र. माझ्या तोंडी तेच बसलेलं. शेषराव दुकानदार कानानं जरा जड, आणि गावातली बातमी सगळी त्याच्या दुकानातून सुटते, म्हणून त्याच्यासमोर जाऊन चांगला मोठ्यानं बोललो, "देवळापाशी कंपोस्ट काढून राह्यलो! पत्रं पाह्यजे! ज्याच्याजवळ असतीन त्यानं आनून टाका!"

"पोस्ट?" शेषराव तक्क्यावरून उठून बसला.

बिचाऱ्याच्या कानात अर्धा शब्दच शिरतो. "हाव, तेच," म्हणालो.

"मंजूर कोनं केलं बे?"

"सरकारनं. साहेब सोता येऊन सांगून गेले ना यात्रेत."

"अन पेटी?"

"पेटी कायले? खोलगा हाये ना. वरून टाकाचं."

शेषराव जरा गोंधळला. "अन हातात कवा पडते?"

"चार महिने धरून चाल."

"चार महिने! लेका, चिखलीचं तं पंधरा दिवसात येते!"

चिखलीहून गाडीनं जे शेणखत येतं, त्याची गोष्ट तो काढत होता. त्यात निम्मे गोटे असतात. मी म्हणालो, "चिखलीचं चिखलीले राहू दे. हे आपल्या गावचं राहीन." यावर सगळा पार खूष झाला. शेषराव सगळ्यांना समजावू लागला, सरकारी काम आहे, चार महिने तर लागणारच. मग त्यानं मला स्वतःच्या हातानं विडा करून दिला. इतकी वर्षं त्याच्या दुकानावर जातो, आज पहिल्यांदा.

खताची कदर असलेली माणसं गावात आहेत हे मला ठाऊक नव्हतं.


फाल्गुन शुद्ध ९

भल्या सकाळी खुर्शीद भाबी काटीपाशी उभ्या. यांचा नवरा पिंजारी होता, गाद्या भरायचा, तो गेला. एकुलता एक अन्वर कराचीला गोदीत कामाला आहे. वर्ष झालं, त्याची काही खबर नाही. आमच्याकडे पोस्टमन महिन्यातून कधीतरी उगवतो, तोही नाल्याचा अंदाज घेऊन. बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाला ही बाई सांगते, पोस्टात विचारून या. तो मिरच्या आणतो, गूळ आणतो आणि विचारायचं विसरून येतो.

"भाऊ, शेषरावभाऊ सांगून राह्यले ते सच हाय का?"

"एकदम सच, भाबी."

"कराचीचं बी येईन?"

मला हसू आलं. कराचीला कोणती झाडं असतात कोण जाणे. "कराचीचं येवो नाही तं काशीचं येवो, आपल्याले सगळं चालते. अठी भेदभाव नाही."

बाईंनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, "मंग मी काय करू? माह्याच्यानं काय होईन?"

"तुमच्या अंगनात निंबाचा पाला पडते, तो आनून टाका. हा खोलगा भरला म्हंजे काम झालं."

"रोज आनीन," म्हणाल्या, आणि दुपारच्या आत एक मोठं गाठोडं आणून टाकलंसुद्धा.

पाल्याच्या नावानं डोळ्यात पाणी आणणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.


फाल्गुन पौर्णिमा

आज माझा जीव मुठीत होता. होळीची पोरं गावातला काडीकचरा सोडत नाहीत, आणि एकदा होळीत पडलेलं परत मागायची रीत नाही. सुका पाला म्हणजे त्यांना आयतंच. संध्याकाळी टोळी आलीच, काटी बाजूला करू लागली. मी धावलो तर काय पाहतो, पाटलांचा कोतवाल काठी घेऊन आधीच उभा!

"खबरदार," तो पोरांवर ओरडला, "हे सरकारी काम हाय. हात लावसान तं चिखलीच्या ठान्यात जासान!"

पोरं पळाली. पाटलांनीच त्याला बसवला होता म्हणे. मी हात जोडून आलो, तर पाटील काय म्हणतात, "निवृत्तीराव, त्यात काय? गावाचंच काम हाये." निवृत्तीराव! तानुबाईला सांगितलं तर ती म्हणते, त्यांनी भांग घेतली असेल.


फाल्गुन वद्य ४

आज पाटील स्वतः पट्टीवर आले. विचारलं, "वर काय टाकाचा इचार हाय? कवलं का टिनं?"

त्यांना माझ्या खड्ड्यावर सावली हवी होती. म्हणालो, "झावळ्या पुरतात, पाटील. उन्हाळ्यापुरत्या."

"झावळ्याइनं सरकारची इज्जत काय राहीन?" म्हणाले. "पाहू, टिनाचं मी पाहतो."

शेषरावानं त्याच्या भाच्यासाठी शब्द टाकला. पंजाबराव नाव, चांगला दणकट गडी. "थैली खांद्यावर टाकली तं चिखलीपावतर दम नाही घेत." मी म्हणालो, थैलीत काय मावणार, डालगं लागेल. शेषरावानं मान डोलावली. इतकं येईल का, म्हणाला. यापेक्षा जास्त येईल, मी सांगितलं.


चैत्र शुद्ध ११

खरं लिहायचं तर मनात पाल चुकचुकते आहे. आज थर उकरून पाहिला. पिंपळाचं पान जसं टाकलं तसंच, शिरान् शीर शाबूत. बेल तर विचारूच नका, खुळखुळ वाजतो. भगवानरावांनी मला टोपी घातली काय? आता गावभर सांगून बसलो आहे. जो भेटतो तो विचारतो, कुठवर आलं? इतकी विचारपूस तर माझ्या लग्नातही झाली नव्हती.

चिंचेचा बारीक पाला तेवढा काळा पडायला लागला आहे. तेवढ्यावर झोप येते.


चैत्र वद्य ५

तानुबाई म्हणाली, कोरडं कसं कुजेल? तेव्हापासून भांड्याचं पाणी, धुण्याचं पाणी, सगळं खोलग्यात. आज हात घातला आणि ओरडलोच. आत चटका बसतो! वर वाफ निघत होती. मला वाटलं पेट घेतो की काय, दोन घागरी ओतायला धावलो. तानुबाई पोट धरून हसली. "अहो, राहू द्या. त्याच्यावरच भाकरी शेकून घेते, सरपन वाचीन."

भगवानरावांनी हे सांगितलं होतं, आता आठवलं. गरम झालं की कुजायला लागलं समजा. विसरलो होतो मी, कबूल. पण चटका मात्र त्यांनी सांगितल्यापेक्षा जोराचा आहे.


वैशाख शुद्ध ३

खुर्शीद भाबींचा एक दिवस खाडा नाही. आता तर त्या पाटलांच्या वडाखालचंही झाडून आणतात. बाकीचेही आणतात, पण पाटी उलटी केली आणि चालले. या मात्र काटीपाशी थोडा वेळ बसतात, आत पाहतात, आणि अन्वरच्या गोष्टी सांगतात. लहानपणी कापसाच्या ढिगात लपायचा, शिंक आली की सापडायचा. मी ऐकून घेतो. माझं खत वर खाली करता करता ऐकायला काय जातं?

जाताना रोज एकच विचारतात, "अजून किती दिवस, भाऊ?" मी म्हणतो, आलंच. माझ्याइतकीच घाई कोणाला असेल तर ती यांना आहे.


ज्येष्ठ वद्य २

खोलगा पूर्ण पालथा केला. वा! वा! खाली काळं, भुसभुशीत, हातात घेतलं तर उकडलेल्या मुगासारखं मोकळं. वासही घाण नाही, ओल्या वावरासारखा. पिंपळाचं पान दाखवायलाही उरलं नाही. मी एकटाच तिथं नाचलो असतो, पण कोतवाल पाहत होता.

तानुबाईनं फुटक्या मडक्यात झेंडूची रोपं केली आहेत. तिला मी सांगितलं नव्हतं. मनातून पटलं होतं, मी म्हणालोच होतो.


आषाढ शुद्ध ४

पारावर सांगून आलो, उद्या सकाळी कंपोस्ट उघडतो, सगळे या. शेषराव म्हणाला, येणार म्हणजे काय, साऱ्या गावाला घेऊन येतो. पाटलांनी नारळ आणायला माणूस पाठवला. एवढ्याशा खताला नारळ! पण मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू.


आषाढ शुद्ध ५

काय लिहू? लिहायला हात उचलत नाही. पण लिहितो.

सकाळी गाव लोटला. पाटील जरीच्या पागोट्यात. शेषराव धुतलेल्या धोतरात, हातात दोन-तीन पाकिटं. पंजाबरावाच्या खांद्याला खाकी थैली. खुर्शीद भाबी इस्त्री केल्यासारख्या साडीत, सगळ्यांच्या पुढं. मी नारळ फोडला, वरचं गोणपाट ओढलं, आणि म्हणालो, "घ्या! पाहा!"

सगळे वाकून पाहतच राहिले. मला वाटलं, पाहून थक्क झाले.

पाटलांनी विचारलं, "हे काय हाय?"

"कंपोस्ट, पाटील."

"हे माती हाय निवरती. पोस्ट कुठी हाय?"

"कोन्तं पोस्ट?"

"अबे, कोन्तं म्हंजे?" शेषरावानं पाकिटं वर केली. "तूच बोलला ना पारावर, सरकारनं मंजूर केलं, पत्रं आनून टाका म्हनून! आमाले वाटलं तू खोलगट जागा भरून राह्यला, त्याच्यावर पोस्ट उभं राहीन!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेटी, थैली, टिनाचं छप्पर, कोतवाल, निवृत्तीराव, सगळं. अरे देवा! मी म्हणालो, "पत्र म्हंजे झाडाचं पत्र! बेलाचं!"

आधी कोणीतरी मागून खुसखुसलं, मग सगळा गाव हसला. शेषराव तर पाकिटांनी वारा घेत हसत होता. पाटील हसले नाहीत. आपण चार गावांत सांगून बसलो, म्हणाले. "दसऱ्याची मुदत हाय, निवरत्या. गाडीतळाचं मी इसरलो नाही." आणि नारळाचं खोबरंसुद्धा न घेता गेले.

खुर्शीद भाबी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खाली वाकल्या, मूठभर माती घेतली, चोळून पाहिली. "चांगली झाली, भाऊ," म्हणाल्या. मग विचारलं, "मंग पोस्ट नाही?"

"नाही, भाबी."

"कराचीचं बी नाही?"

मी त्यांना काय काय बोललो होतो ते एकेक करून आठवत गेलं आणि जमीन दुभंगावी असं झालं. माती परत खोलग्यात टाकून, हात झटकून त्या घरी गेल्या.

तानुबाईला म्हणालो, गाव पोस्ट समजतं आहे हे तुला माहीत होतं? तर म्हणते, "हाव ना. मले वाटलं दोन्ही होऊन राह्यलं. खत बी अन पोस्ट बी."


आषाढ शुद्ध ६

निंबाचा पाला आला नाही.


आषाढ शुद्ध ८

आजही नाही. पोरं रस्त्यात मला "पोस्टमास्तर" म्हणतात. एकानं वाळकं पान हातात देऊन विचारलं, मास्तर, याला तिकीट किती? कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण प्रश्न चांगला होता.

पट्टीत कंपोस्ट पसरलं, झेंडू लावला. रोपं लागली आहेत, पण उत्साह नाही. खोलग्याकडे गेलं की भाबींची ती बसायची जागा दिसते. माझी फुलं येतील किंवा जातील, गाडीतळ झाला तर झाला. त्या बाईला मी चार महिने आशा लावून ठेवली, रोज, स्वतःच्या तोंडानं. आलंच, आलंच, म्हणत होतो.


श्रावण शुद्ध ३

आज बाजार होता. मी श्रावणात देऊळ सोडून कुठं जात नाही, पण पूजा आटोपून, नाल्याला पाणी कमी पाहून चिखलीला गेलो. थेट पोस्टात.

खिडकीतले बाबू चष्म्यातून पाहत म्हणाले, "तुमच्या गावचं कोणी कधी विचारायला येत नाही. पोस्टमन पावसाळ्यात नाला कसा ओलांडणार? तुम्ही कोण?"

"महादेवाचा गुरव."

"मग न्या. पण नीट पोचवा," म्हणाले आणि सुतळीनं बांधलेला गठ्ठाच पुढं सारला. मी खुर्शीद पिंजारी, खुर्शीद पिंजारी करत दोनदा पाहिला. नव्हतं. बाबूंना खण पाहायला लावले, तिथंही नव्हतं.

बाकीची वाटत आलो. शेषरावाच्या भावाचं होतं. पाटलांच्या लेकीचं होतं, वरवट बकालहून. पाटील वाचता वाचता ओट्यावर मटकन बसले. नात झाली म्हणे त्यांना! लिहिलेलं दीड महिन्यापूर्वीचं. तिकडे बारसं होऊन गेलं, इकडे आजोबा बैल धूत बसले. त्यांनी मला आत बोलावून साखर दिली. गाडीतळाचं नाव निघालं नाही, मीही काढलं नाही.

मग भाबींकडे जायचं होतं. दारातूनच सांगितलं, "भाबी, पोस्टात गेलो होतो. तुमचं नव्हतं आलं."

त्या उठून बाहेर आल्या. "इचारलं होतं? नाव घेऊन?"

"नाव घेऊन. दोनदा. खन बी पाह्याले लावले."

"बस, भाऊ," म्हणाल्या. "आजपावतर कोनं इचारलं बी नव्हतं."

मला तिथं उभं राहवेना.


श्रावण शुद्ध ४

सकाळी खोलग्यात निंबाचा पाला पडलेला होता. ताजा झाडून आणलेला. मी पुढचा थर घातला.


भाद्रपद वद्य १

पुष्कळ दिवस लिहिलं नाही, श्रावणाची गर्दी होती. झेंडू माझ्या मांडीला लागतो आहे आणि कळ्या धरल्या आहेत. पांढऱ्या मातीत! भगवानराव येऊन गेले, वाकून वाकून पाहत होते. त्यांना सगळी हकीकत सांगितली तर हसता हसता त्यांचा चष्मा झेंडूत पडला. आता दुसऱ्या गावात मी पालाखत म्हणत जाईन, म्हणाले.

बाजाराला माझा नेम झाला आहे. लोक आता जाण्याआधी पत्रं आणून देतात आणि येण्याआधी पारावर बसून असतात. शेषराव म्हणतो, निवरती, तुझं पोस्ट बिनटिनाचंच चाललं. चिडवतो, पण विडा अजून करून देतो. अन्वरचं नाही आलं. दर वेळी नाव घेऊन विचारतो.


आश्विन शुद्ध १०, दसरा

पट्टी पिवळी केशरी झाली आहे. डोळे निवतात. देवाला पहिला हार आमच्याच जमिनीचा, तानुबाईनं गुंफलेला, माझ्या हातानं घातला. घालताना बापाची आठवण आली. उष्टं का, म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, "गप्प बसा, देव ऐकून राह्यला."

पाटील बैल घेऊन आले. बैलांच्या गळ्यात घालायला माळा पाहिजेत म्हणाले, दारालाही तोरण पाहिजे. मी भरपूर फुलं दिली. जाताना पट्टीकडे बघत उभे राहिले. "पुढच्या साली पलीकडची बी घे," म्हणाले. "गाड्या नाल्याच्या त्या अंगाले उभ्या राह्यतीन." मी पाया पडणार होतो, पण मग मिशीला पीळ द्यायची संधी गेली असती.

उरलेली फुलं डालग्यातून चिखलीला नेली, हातोहात गेली. येताना त्याच डालग्यात पत्रं.


कार्तिक शुद्ध ७

आलं.

बाबूंनी खिडकीतून मला पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत हात वर केला. जाड पाकीट, कराचीचा शिक्का. डालग्यात ठेवायचा धीर झाला नाही, बंडीच्या आत छातीशी घातलं. नाला कसा ओलांडला आठवत नाही, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं एवढं खरं.

भाबींचा रोजा होता. ओट्यावर खजूर काढून बसल्या होत्या. मी पाकीट पुढं धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलट केलं, सुलट केलं, मग कपाळाला लावून परत माझ्याकडे दिलं. "वाचा, भाऊ."

अन्वर आमच्याच शाळेत चार इयत्ता शिकलेला. अक्षर असं की कोंबडी शाईत पाय बुडवून चालून गेली, पण मी एक शब्द सोडला नाही. खुशाल आहे. गोदीत पेटी पायावर पडली होती, आता चालतो. तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. अम्मा, माझ्यावर नाराज आहेस का, असं विचारलं आहे. रजा मिळाली की उन्हाळ्याच्या तोंडाला येतो.

भाबींनी ते पुन्हा वाचायला लावलं. नाराज आहेस का, तिथं आलो की "अरे येड्या," म्हणत आणि रडत. मीही रडलो, लपवायचं काय त्यात? तेवढ्यात बांग झाली. त्यांनी खजूर तोंडात घातला, अर्धा खजुरांचा वाडगा माझ्या पुढं सारला, आणि म्हणाल्या, "आता माह्यं लिहा."

मी मांडीवर कागद घेतला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. नाराज नाही. पाय जप. तेल लाव. निंब यंदा चांगला फुटला आहे. मग म्हणाल्या, "लिहा, आपल्या गावात पोस्ट झालं."

माझा टाक थांबला. "भाबी, कुठी झालं? गावभर हसू झालं माह्यं."

त्यांनी माझ्या मांडीवरचं अन्वरचं पत्र उचलून दाखवलं. "मंग हे कसं आलं?"

मला वाद घालता येतो, सगळ्या गावाला माहीत आहे. आज नाही आला. मी टाक शाईत बुडवला आणि लिहिलं, आपल्या गावात पोस्ट झालं आहे.